दोघांच्या सहलीला पाच जण

लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि यांना मे महिन्याची सुट्टी लागली होती. हे सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी फळ्यावर कोकणची किनारपट्टी काढायचे, निळ्या खडूने खाड्या रंगवायचे, मुलांकडून बंदरांची नावं घोकून घ्यायचे. पण स्वतः समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मी गिरणीच्या चाळीत वाढलेली. माझा समुद्र सिनेमातला, तोही काळा-पांढरा. एका दुपारी कलिंगडाची फोड खाता खाता हे म्हणाले, "आपण दोघं समुद्र बघून येऊ या का?" त्यातला 'दोघं' हा शब्द इतका हळू आला, की मी मुद्दाम पुन्हा विचारलं, "कोण कोण?"

त्या काळी आमच्या गल्लीत नवराबायकोने नुसतं फिरायला जाणं ही गोष्टच नव्हती. देवाला जायचं, लग्नाला जायचं, मयताला जायचं. हनिमून हा शब्द मासिकात वाचलेला, पण तो मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती. आम्ही आठवडाभर कुजबुजत बेत केला. एस.टी.ने कोल्हापूर, तिथून पुढे खाली कोकणात, जमेल तिथे उतरायचं, जमेल तिथे राहायचं. बेत करतानाच इतकं हसू यायचं, की शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवर थाप मारून विचारलं, काय चाललंय म्हणून.

मध्येच यांचे मामा आले. मामा श्रीपूरच्या साखर कारखान्यात ड्रायव्हर. हंगाम संपला होता, ऊस नव्हता, मामांच्या हातांना चैन नव्हतं. त्यात त्यांनी लष्कराच्या मोडीतली एक जुनी जीप घेतली होती आणि तिला कुठे न्यावं हा त्यांना प्रश्न पडला होता. यांनी बोलता बोलता कोकणाचं नाव काढलं आणि मामांचे डोळे चमकले. "एस.टी.नं कशाला? गाडी हाय की आपली. फक्त जरा मान राखावा लागतो तिचा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामा चालक म्हणून येणार, म्हणजे दोनाचे तीन झाले. पण जीपमधून समुद्राला जायचं, हा विचार इतका मोठा होता की आम्ही तिसऱ्याला मनातल्या मनात माफ केलं.

ठरलेल्या दिवशी पहाटे गल्लीत हॉर्न वाजला. मी नवीन पातळ नेसून, हातात पिशवी घेऊन धावत बाहेर आले, तर जीपच्या मागच्या बाकांवर समोरासमोर दोन बायका बसलेल्या. नऊवारी लुगडी, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडी. एक माझ्या सासूबाई, कुंभारीहून आलेल्या. दुसरी त्यांची थोरली बहीण, म्हणजे यांची मावशी, होटगीची. मामा आदल्या दिवशी बहिणींची परवानगी काढायला गेले होते, ते त्यांना घेऊनच आले.

"कोकनात लई शंकर हायती म्हनं," मावशी म्हणाल्या. "तेवढंच दर्शन व्हईल. आन तुमा पोरांना सोबत."

यांनी मामांकडे बघितलं. मामा बॉनेटवरची धूळ पुसण्यात गुंतले होते.

बसायची व्यवस्था सासूबाईंनीच केली. "तू फुडं बस मामापाशी," असं त्या यांना म्हणाल्या, आणि मला हाताने आपल्या शेजारची जागा दाखवली. त्या सहलीत मी माझ्या नवऱ्याची मान पाठ केली. मानेच्या उजव्या बाजूला एक तीळ होता, तो मला मंगळवेढ्याच्या अलीकडे दिसला.

सुरुवातीला मी अवघडून बसले होते. सासूबाई फार बोलायच्या नाहीत. कुंभारीला गेले की त्यांच्यासमोर माझ्या हातून भांडं निसटायचंच. पण सांगोला मागे पडलं आणि मला एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. त्या दोघी बहिणी लग्नं झाल्यापासून अशा सलग एकत्र राहिल्याच नव्हत्या. सणाला भेट, बारशाला भेट, की लगेच आपापल्या बैलांकडे आणि चुलीकडे परत. आता समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसल्या होत्या आणि कुठे जायची घाई नव्हती. माहेरच्या विहिरीपासून सुरुवात झाली. मामा लहानपणी चिंचेच्या झाडावरून शेणात कसे पडले, हे दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितलं. पुढून मामा म्हणाले, "अक्का, गाडी चालवू का नको?" आणि त्या दोघी पदर तोंडाला लावून गदागदा हलायला लागल्या. शेजारी मी. मलाही हलावंच लागलं.

कोल्हापुरात मामांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी फोंडा घाटाकडे निघालो. पाणी दिसलं की मावशी विचारायच्या, "ह्योच का?" राधानगरीचं धरण दिसलं तेव्हा तर त्यांनी हात जोडले. हे मागे वळून म्हणाले, "मावशी, हे धरण आहे. समुद्र याच्यापेक्षा मोठा असतो."

"आसून आसून किती मोठा आसंल," मावशी म्हणाल्या. "आपल्या हिप्परग्याच्या तळ्याएवढा."

घाटात एका वळणावर मामांनी हॉर्न दाबला आणि तो वाजतच राहिला. मामांनी हात काढला, तरी वाजतोय. स्टिअरिंगवर बुक्की मारली, तरी वाजतोय. थांबायला जागा नव्हती. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. आम्ही अख्खा घाट भोंगा वाजवत उतरत होतो. खालून येणारी बैलगाडी कडेला गेली, लाकडांचा ट्रक कडेला गेला. एका एस.टी.च्या ड्रायव्हरने तर गाडी पूर्ण थांबवून आम्हाला सलाम ठोकला. त्याला वाटलं असणार, लष्करी जीप आहे, कोणी बडा साहेब चाललाय. मावशींनी त्याला आतून आशीर्वाद दिल्यासारखा हात केला. त्यानंतर माझं हसू थांबेना. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पण पदर त्यांच्याही तोंडाला लागला होता.

घाटाच्या पायथ्याला मामांनी जीप थांबवली आणि हॉर्नची तारच ओढून काढली. एकदम शांत झालं. झाडीतला एक पक्षी ऐकू आला.

"आता रस्त्यात कुणी आलं तर?" हे म्हणाले.

"म्या हाय की," मावशी म्हणाल्या.

आणि खरोखरच, पुढच्या सगळ्या प्रवासात मावशी आमचा हॉर्न होत्या. वळण आलं की बाजूने डोकं बाहेर काढून त्या खणखणीत आवाजात ओरडायच्या, "बाजूला व्हा की रं, गाडी आली." कोकणातली माणसं सायकलवरून उतरून, डोक्यावरची टोपली सावरून बघत राहायची. एरवी हॉर्नला कोणी दाद देत नाही, पण मावशींना सगळ्यांनी वाट दिली.

समुद्र दिसला तो कुणकेश्वरच्या अलीकडे. काळपट तांबड्या जांभ्या दगडाचं उघडं माळरान होतं, आपल्याकडच्यासारखंच रखरखीत. मामा म्हणत होते, हे तर सोलापूरच झालं. जीप चढावर आली आणि पुढचा रस्ता नाहीसा झाल्यासारखं वाटलं. त्याच्या जागी निळं होतं. मामांनी नकळत ब्रेक लावला. इंजिन बंद पडलं. मावशींनी विचारलं, "ह्याचा पल्याडचा काठ कुटं हाय?"

"अरबस्तानात," हे म्हणाले. फळ्यावर इतक्या वेळा काढलेली रेष आता डोळ्यांसमोर पसरली होती आणि ती रेष नव्हतीच.

इंजिन हँडल मारूनही लागेना. पण रस्ता उताराचा होता. मामा सोडून आम्ही सगळ्यांनी उतरून ढकललं आणि पळत पळत आत बसलो. सासूबाईंना मी हात देऊन वर ओढलं. त्या धापा टाकत होत्या आणि पदर खांद्यावर पडला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

वाळूवर पोचल्यावर त्या सरळ पाण्याकडे गेल्या. मी मागोमाग. पाण्याच्या कडेला वाकून त्यांनी ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. मग कितीतरी वेळ समोर बघत उभ्या राहिल्या. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. त्या दुष्काळात त्या सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होत्या, परतताना टँकरपाशी घागर लावून उभ्या राहत होत्या. हे मला यांनी सांगितलं होतं, त्या स्वतः कधी बोलल्या नव्हत्या.

"एवढं पानी," त्या म्हणाल्या. "एवढं पानी नासवलं कुनी?"

त्यांना खरोखरच राग आला होता. तेवढ्यात एक लाट आली, आमच्या दोघींच्या घोट्यांवरून वर गुडघ्यांपर्यंत चढली आणि मागे फिरताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. सासूबाईंनी मला घट्ट धरलं, मी त्यांना धरलं, आणि आम्ही दोघी तोल सावरत गोल फिरलो. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला न लावता, मोठ्याने. "गुदगुल्या करतंय की गं," त्या म्हणाल्या. पुढची लाट यायची वाट बघत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

कुणकेश्वराचं दर्शन झालं. देऊळ अगदी पाण्याला लागून आहे. मावशींनी देवाकडे काय मागितलं माहीत नाही, पण बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्या देवाचं बरं हाय. बसल्या जागी बघतोय समदं."

तिथून पुढे दक्षिणेकडे निघालो. कुठलीही घाई नव्हती. आंब्याची बाग दिसली की थांबा, सावली दिसली की थांबा, मामांना चहा दिसला की थांबा. एका खाडीवर पूल नव्हता. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांच्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि त्या फळ्यांवर गाडी चढवायची होती. मामांनी कारखान्याच्या चिखलातून ट्रक काढले होते, पण होडीवर जीप चढवायची म्हटल्यावर ते दोनदा पाणी प्यायले. होडीवाल्यांनी सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं.

"मी न्हाय उतरायची," मावशी म्हणाल्या. "मला गाडीच बरी वाटती."

"अक्का, खाली पानी हाय, गाडी बुडली तर?" मामा म्हणाले.

"गाडी लोखंडाची हाय. तुझी होडी लाकडाची हाय. मजबूत काय हाय सांग की."

होडीवाला हसत म्हणाला, बसू देत आजींना, वजन मधोमध आहे. तेव्हा जीप फळ्यांवर चढली, चाकांना दगड लावले, होडीवाल्यांनी बांबू टेकले आणि आम्ही निघालो. आम्ही चौघं काठाला धरून उकिडवे बसलेलो, आणि मध्ये उंचावर, जीपच्या बाकावर, रथात बसवल्यासारख्या मावशी. पाण्यावरून वारा येत होता. खाडीच्या मध्यावर समोरून एक लहान होडी आली, तशा त्या सवयीने ओरडल्या, "बाजूला व्हा की रं, गाडी आली." होडीवाल्याच्या हातातला बांबू हसण्याने निसटायचाच बाकी राहिला. यांना असं लोळून हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर तो धरूनच ठेवला. सासूबाईंनी पाहिलं आणि पलीकडच्या काठाकडे तोंड फिरवलं.

मालवणात मुक्काम केला तो एका बाईंच्या घरी. त्या घरगुती जेवण द्यायच्या आणि ओटीवर झोपायला जागा. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, "खंयसून इलात?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "काय ईळा-कोयता मागतीया का काय?"

हे म्हणाले, त्या विचारतायत कुठून आलात. मग मावशींनी सांगितलं, सोलापूरहून, होटगीहून, कुंभारीहून, श्रीपूरहून, सगळं. त्या दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण जेवण होईपर्यंत त्या पोरीबाळींच्या बाळंतपणापर्यंत पोचल्या होत्या. ताटात भात आणि माशाचं लालभडक सार आलं. सासूबाईंनी काट्याकडे संशयाने बघितलं आणि गाठोड्यातून कडक भाकरी काढली, शेंगांची चटणी काढली. मालवणच्या बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला; तो पापडासारखा कट्कन तुटला. "ही कदी केलात?" त्यांनी विचारलं. गेल्या आठवड्यात, असं ऐकून त्या थक्क झाल्या. त्यांनी चटणी बोटाने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा चाखली. शेवटी आम्ही त्यांचा मासा खात होतो आणि त्या त्यांच्या ओटीवर बसून आमची कडक भाकरी सारात बुडवून खात होत्या. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "चांगली हाय बाई. फक्त बोलाया नीट शिकली न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वेंगुर्ल्याला पोचलो. तिथला किनारा लांबलचक, माडांच्या रांगा, आणि माणूस कुठे दिसत नव्हता. मी वाळूत उतरते न उतरते तोच मावशींनी सासूबाईंचा दंड धरला. "चल की, तितं शंख-शिंपले दिसत्यात. आन तू बी चल," असं मामांना म्हणाल्या. "मला गाडीपाशी..." मामा म्हणायला लागले, पण मावशींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की शेणात पडलेला तो लहान भाऊ मुकाट्याने मागे चालायला लागला.

आम्ही दोघंच उरलो. आठवडाभर ज्याची कुजबुज केली होती, ते अचानक हातात आलं. एका खडकावर बसलो. मग हे म्हणाले, "भरती-ओहोटी कशामुळे होते, माहीत आहे का? चंद्राच्या आकर्षणामुळे. त्यात सूर्याचाही वाटा असतो." मी मान हलवली. त्यांनी वाळूत बोटाने पृथ्वी काढली, चंद्र काढला. अमावास्येची भरती, अष्टमीची भरती, दोन्ही समजावून सांगितल्या. मी ओठ चावून ऐकत होते. शेवटी त्यांनी बोट थांबवलं.

"मला काय बोलावं सुचत नाहीये," ते म्हणाले. "म्हणून शिकवतोय."

"शिकवा की," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."

त्यावर ते माझ्याकडे बघून असे हसले, की मला चंद्राचं सगळं पटलं. पुढे आम्ही काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे त्यात विशेष काही नव्हतं. त्यांनी मला आवडणारी भाजी विचारली, मी त्यांना मानेवरचा तीळ सांगितला. तो त्यांनाच माहीत नव्हता.

तेवढ्यात लांबून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही उठून पळालो. माझी चप्पल वाळूत राहिली. जवळ जाऊन बघतो, तर दोघी बहिणी पाण्याच्या कडेला फतकल मारून बसलेल्या, लाटा कमरेपर्यंत येतायत, आणि मामा त्यांच्याभोवती धावतायत. एका लाटेने दोघींना बसवलं होतं. लुगड्यांच्या ओच्यांत इतकी वाळू भरली होती की उठता येत नव्हतं. मामांनी थोरल्या बहिणीला धरून अर्धं उठवलं की धाकटी कलंडायची. धाकटीला सावरायला गेले की थोरली सुटून पुन्हा बदकन बसायची. ओरडत होते ते एकटे मामाच. त्या दोघींना ओरडायला श्वासच उरला नव्हता. डोक्यावरचे पदर गेलेले, अंबाडे सुटलेले, पांढरे केस ओल्या तोंडावर चिकटलेले, आणि नुसतं हसू.

हे आईला उचलायला वाकले. सासूबाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बस हितं."

"आई, कपडे भिजतील."

"भिजू देत की. बस म्हनलं ना."

ते बसले. मग त्यांनी मला ओढलं, मी बसले, नव्या पातळासकट. मामा थोडा वेळ उभे राहिले, मग विजारीच्या घड्या नीट वर करून शेवटी बसलेच, आणि पहिल्याच लाटेने त्यांची टोपी नेली. ती पुढच्या लाटेने परत आणून दिली. मावशींनी ती पिळून आपल्या डोक्यावर घातली. सूर्य तांबडा होईपर्यंत आम्ही पाच जण ओळीने त्या पाण्यात बसून होतो, आणि लाट आली की सगळ्यांनी एकदम पाय वर करायचे, असा खेळ सासूबाईंनी काढला होता.

आंबोलीचा घाट चढून परत आलो. सोलापूर जवळ आलं तशी झळ लागायला लागली. अंगाला मिठाचे चट्टे पडले होते, केसांतून वाळू निघत होती. मावशी होटगीला न जाता आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात राहिल्या आणि सासूबाईही कुंभारीला जायचं नाव काढीनात. गल्लीतल्या बायका दुपारी ऐकायला यायच्या. सांगता सांगता लाट रोज वाढत गेली. शेवटी ती माडाएवढी झाली होती. माझ्या हातून त्या दिवसांत एकही भांडं पडलं नाही, आणि पडलं असतं तरी कोणाचं लक्ष गेलं नसतं.

शेवटी मामांनी आधी सासूबाईंना कुंभारीला सोडलं आणि जीप घेऊन श्रीपूरला गेले. मावशींना आगगाडीने जायचं होतं, खिडकीपाशी बसून. आम्ही दोघं त्यांना पॅसेंजरमध्ये बसवायला स्टेशनवर गेलो. मावशींच्या शेजारी एक अनोळखी बाई घागर घेऊन बसली होती. गाडी सुटायच्या आत मावशींनी तिला गाठलं. आम्ही खिडकीशी हात हलवत होतो, पण मावशींचं लक्षच नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्या दोन्ही हात उंच करून लाट कशी येते ते दाखवत होत्या, आणि ती बाई घागर पोटाशी धरून मागे सरकत होती.

स्टेशनबाहेर टांगा केला. टांगेवाल्याने विचारलं, कुठं जायचं. यांनी माझ्याकडे बघितलं, गल्लीचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "पण तळ्यावरून घ्या. लांब पडलं तरी चालेल."